पहिला बसणार कोण?

गेल्या महिन्यांत एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. घर मोठें, माणसें पुष्कळ, तीन पिढ्या एका छपराखालीं नांदणाऱ्या. मागच्या अंगणांत पडवीच्या सावलीला त्यांचा नातू एका जुन्या मोटारसायकलीचे सारे भाग सुटे करून वर्तमानपत्रावर मांडून बसला होता. मुलगा एंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षांत; हात मात्र कोपरापर्यंत काळे. आजोबांना तो प्रकार मुळींच रुचलेला नव्हता. "एवढें शिकून शेवटीं हातांत पानाच धरायचा, तर कॉलेजची फी कशाला भरली?" असें ते आम्हांस ऐकूं येईल इतक्या मोठ्यानें म्हणाले. मुलगा कांहीं बोलला नाहीं. इतक्यांत आजी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनीं त्या पसाऱ्याकडे एकवार पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "हें सगळें परत जोडून झालें, कीं त्यावर पहिला बसणार कोण?"

"मीच, आजी," मुलगा म्हणाला.

"मग राहूं दे ती जागा तुला. धुण्याची दोरी मी दुसरीकडे बांधवून घेईन."

आजींनीं सहज विचारलेला तो प्रश्न घरीं परततांना वाटभर आमच्या मनांत घोळत राहिला. यंत्र घडविणाऱ्या माणसाची पारख ज्या प्रश्नानें होते, तो हाच. त्या ओघांतच लंडनमधील एका तरुणाची हकीकत आठवली. त्याच्याही उद्योगाचा आरंभ असाच एका घराच्या मागील बाजूस झाला. आणि त्याच्या आयुष्याचे जे दोन भाग पडतात, ते या प्रश्नाच्या उत्तरानेंच पडतात. ती हकीकत या महिन्याच्या सदरांत सांगण्याचें योजिलें आहे.

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन याचा जन्म १९ मे १९२८ रोजीं इंग्लंडांतील रिचमंड येथें झाला. वडील उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागांत एक हॉटेल चालवीत असत. मुलगा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत पूल व इमारती यांच्या बांधणीचें शास्त्र शिकत होता. विद्यापीठाच्या हवाई पथकांत तो विमान चालवावयासही शिकला. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. नव्या मोटारी मिळत नव्हत्या, त्यामुळें जुन्यांना भाव आला होता. कॉलेजचे तास सांभाळून, आणि कधीं न सांभाळतां, कॉलिन व त्याचा एक मित्र वॉरेन स्ट्रीटवर जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत. धंदा बरा चालला होता. परंतु १९४७ च्या अखेरीस सरकारनें खासगी मोटारींना मिळणारें रेशनचें पेट्रोल बंद केलें आणि बाजार एकदम बसला. मोटारी तोट्यांत विकाव्या लागल्या, सांठविलेला नफा गेला, आणि शेवटीं कोणीच न घेतलेली एक मोटार हातीं उरली. ती होती एक जुनी ऑस्टिन सेव्हन.

ऑस्टिन सेव्हन ही त्या काळच्या इंग्लंडांतील मध्यमवर्गाची मोटार. १९२२ पासून १९३९ पर्यंत ती कारखान्यांतून जवळजवळ तीन लाख निघाली. एंजिन अवघें ७४७ घनसेंटिमीटरचें. बांधणी इतकी साधी कीं, ज्याच्यापाशीं पान्यांचा एक संच आणि थोडी चिकाटी आहे त्याला ती घरीं उघडतां व जोडतां येई. म्हणूनच पुढें नांवारूपास आलेल्या कित्येक मोटार-रचनाकारांचे धडे याच मोटारीवर गिरविले गेले.

चॅपमनला माल खपला नाहीं याचें दुःख झालें असेल; परंतु तो न खपलेल्या मालाशेजारीं हात जोडून बसला नाहीं. हेझल विल्यम्स नांवाच्या तरुणीशीं त्याचा स्नेह होता. मस्वेल हिल भागांत तिच्या आईवडिलांच्या घरामागें मोटार ठेवण्याची एक खोली होती, ती त्यांनीं त्याला वापरावयास दिली. तेथें त्यानें ऑस्टिनची जुनी काया उतरवून टाकली व अॅल्युमिनियमचा पत्रा चिकटविलेल्या प्लायवुडची नवी काया तिच्या सांगाड्यावर चढविली. विमानाच्या अंगाला बळकटी कशी आणतात हें त्यानें हवाई पथकांत पाहिलें होतें; तीच युक्ति येथें कामीं आली. हेझल मदतीला होतीच. मोटार १९४८ सालीं तयार झाली आणि तिची नोंदणी 'लोटस', म्हणजे कमळ, या नांवानें झाली. हें नांव कां निवडलें, तें त्यानें कधीं उघड केलें नाहीं.

या मोटारींतून चॅपमन व हेझल चिखलाच्या चढणी चढण्याच्या स्पर्धांत उतरले. अशा स्पर्धेंत वेगापेक्षां कस अधिक लागतो. चढणीवर मोटार कोठें रुतते, कोठें घसरते, कोणता जोड कुरकुरतो, हें चालविणाऱ्याला बसल्या जागीं कळतें. चॅपमन दर स्पर्धेनंतर परत त्या खोलींत जाई आणि जें जाणवलें तें दुरुस्त करी. नंतरची मोटार आधींच्या मोटारीच्या चुकांतून जन्मास येई.

१९५१ सालच्या तिसऱ्या मोटारीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ७५० मोटर क्लब नांवाची एक संस्था ऑस्टिन सेव्हनच्या आधारानें बांधलेल्या स्वस्त मोटारींच्या शर्यती भरवीत असे. या एंजिनाला चार सिलिंडर असत. परंतु पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत जाण्यास वाटा दोनच. दोन भावंडांना एकाच ताटांत वाढलें म्हणजे एकाचा हात दुसऱ्याच्या घांसाला अडतो, तसें तेथें होत असे. चॅपमननें त्या वाटेंत मधोमध एक पातळ पडदी घातली आणि प्रत्येक सिलिंडरला आपापली वाट करून दिली. नियम कोठेंही मोडला नव्हता. मोटार मात्र इतकी पुढें जाऊं लागली कीं, अखेर क्लबाला ती युक्ति वर्ज्य करणारा नवा नियम करावा लागला! बुद्धीचा याहून सरळ गौरव कोणता असूं शकेल?

१ जानेवारी १९५२ रोजीं 'लोटस एंजिनियरिंग' या नांवानें धंदा सुरू झाला. भांडवल म्हणून हेझलनें दिलेले पंचवीस पौंड, आणि जागा म्हणून वडिलांच्या हॉटेलामागचा जुना तबेला. चॅपमन दिवसा एका अॅल्युमिनियमच्या कंपनींत नोकरी करी व रात्रीं तबेल्यांत काम करी. नोकरी त्यानें १९५५ च्या आरंभापर्यंत सोडली नाहीं. पहिला खरा विक्रीचा माल म्हणजे सहाव्या अंकाची मोटार. तिचा पहिलाच नमुना एक सहकारी शर्यतीसाठीं घेऊन जात असतांना भर रस्त्यांत पावाच्या गाडीवर आदळला आणि मोडला. धंदा तेथेंच आटोपावयाचा. परंतु विम्याचे पैसे मिळाले व त्यांतून काम पुढें चाललें. तयार मोटारीवर त्या वेळीं इंग्लंडांत भारी खरेदीकर असे, सुट्या भागांवर नसे. म्हणून चॅपमन सांगाडा व सुटे भाग विकी आणि घेणारा आपल्या घरीं ते जोडी. असा गृहस्थ सोमवारपासून शनिवारपर्यंत त्याच मोटारीनें कामावर जाई आणि सुटीच्या दिवशीं तीच मोटार हाकीत शर्यतीच्या मैदानावर नेई, तेथें शर्यत खेळे, आणि मोडली नाहीं तर तिच्यांतूनच घरीं येई. शर्यत मैदानावरच होई, हाटरस्त्यावर नव्हे, हें आमच्या तरुण वाचकांनीं विसरूं नये. १९५७ ची 'लोटस सेव्हन' ही याच घराण्यांतली. तिचे हक्क १९७३ सालीं कॅटरहॅम या दुसऱ्या कंपनीकडे गेले व तिच्या वंशांतल्या मोटारी आजही तयार होतात.

आतां या मोटारींत विशेष काय होतें, हें थोडक्यांत समजून घेऊं. चॅपमनचा सारा रोख वजनावर होता. एंजिनाची ताकद वाढविली तर मोटार सरळ रस्त्यावर अधिक धांवेल. परंतु वजन घटविलें तर ती लवकर वेग घेईल, लवकर थांबेल, वळणावर कमी फेंकली जाईल, आणि टायर व ब्रेकही कमी झिजतील. एका गोष्टीनें चार कामें होतात. मग वजन घटवावें कसें? तेव्हांच्या साधारण मोटारीचा सांगाडा शिडीसारखा असे: दोन लांब जड पोलादी तुळया आणि मध्यें आडवे दांडे. शिडी पिळली तर पिळते, म्हणून ती जाड करावी लागते. चॅपमननें बारीक नळ्या घेऊन त्यांचे त्रिकोण रचले. हा प्रयोग घरांतल्या मुलांनींही करून पाहण्याजोगा आहे. खराट्याच्या चार काड्या दोऱ्यानें बांधून चौकोन करावा. बोटानें ढकलतांच तो तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र काडी मोडल्याशिवाय हलत नाहीं. पुलाच्या लोखंडी कमानींत त्रिकोण दिसतात ते यासाठींच. कॉलेजांत पुलांसाठीं शिकलेली विद्या त्यानें मोटारीला लावली, आणि एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसास एकट्यानें उचलतां येईल इतका हलका सांगाडा उभा केला.

परंतु त्याच्या हलकेपणाला त्या दिवसांत एक मोठा अंकुश होता. नळी किती बारीक घ्यावी हें ठरविणारा जो, तोच त्या नळ्यांच्या पिंजऱ्यांत बसून वळणावर जाणार होता. १७ जुलै १९५४ रोजीं सिल्व्हरस्टोनच्या मैदानावर चॅपमननें आपल्या आठव्या अंकाच्या मोटारींत बसून जर्मनीच्या पोर्श कारखान्याच्या मोटारीला व तिचा निष्णात चालक हान्स हर्मान यास मागें टाकलें. ज्याच्या वडिलांच्या तबेल्यांत अजून रात्रीं कानस चालत होती, त्या पोरानें एका नामांकित कारखान्यावर मात केली. १९५५ सालीं तो फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत उतरला. मोटार रस्त्याबाहेर गेली असतां ती मागें घेऊन पुन्हां रस्त्यावर आणल्याबद्दल पंचांनीं त्याला बाद केलें. त्याच शर्यतींत एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. वेगाचें मोल काय असतें, तें चॅपमनला तेथें पुरतें कळलें असलें पाहिजे. पुढच्या वर्षीं फ्रेंच ग्रांप्रीच्या वेळीं रांस येथें सरावांत तो दुसऱ्या एका कंपनीची मोटार चालवीत असतां ब्रेक जखडले आणि तो आपल्याच जोडीदाराच्या मोटारीवर जाऊन आदळला. शर्यतींत त्याला उतरतांच आलें नाहीं.

त्यानंतर त्यानें स्वतः मोटार चालविणें हळूहळू सोडलें. यांत भित्रेपणा नव्हता. १९५४ सालीं हेझलशीं त्याचा विवाह झाला होता, कारखाना वाढत होता, शेंकडों गोष्टी त्याच्यावांचून अडत होत्या. १९५८ पासून लोटसच्या मोटारी जगांतील सर्वांत मोठ्या शर्यतींत उतरूं लागल्या. त्यांत आतां दुसरे बसत. येथें त्याच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो.

यशाच्या दृष्टीनें हा भाग पहिल्याहून कितीतरी मोठा आहे. १९६२ सालीं त्यानें नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला आणि अंड्याच्या कवचाप्रमाणें मोटारीच्या अंगावरच सारा भार तोलला. जिम क्लार्क या स्कॉटिश चालकानें लोटसमध्यें बसून १९६३ व १९६५ सालचें जगज्जेतेपद मिळविलें. १९६३ ते १९७८ या काळांत कारखान्यांसाठीं असलेलें जागतिक अजिंक्यपद लोटसनें सात वेळां जिंकलें.

परंतु यशाच्या त्याच वहींत दुसरीं पानेंही आहेत. जून १९६० मध्यें बेल्जममधील स्पा येथें सराव चालू असतां स्टर्लिंग मॉसच्या लोटसचें मागचें चाक निखळलें. त्याचे दोन्ही पाय मोडले व पाठीच्या कण्यालाही इजा झाली. त्याच दिवशीं माइक टेलर याच्या लोटसचा सुकाणूदांडा तुटला. त्याची शर्यतींतली कारकीर्द तेथेंच संपली, आणि पुढें न्यायालयानें त्याला कंपनीकडून भरपाई देवविली. ७ एप्रिल १९६८ रोजीं जिम क्लार्क जर्मनींत हॉकेनहाइम येथें झाडांवर आदळून मरण पावला. तेथें दोष टायरचा असावा, असें बहुतेकांचें मत आहे. तो चॅपमनच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तो गेल्याचा चॅपमनला जबर धक्का बसला, हेंही खरें.

मे १९६९ मध्यें बार्सिलोना येथें ग्रॅहॅम हिल व योखेन रिंट या दोघांच्या लोटसवरील पत्र्याचे उंच पंख धांवतांना मोडले आणि दोन्ही मोटारी उधळल्या. त्यानंतर रिंटनें चॅपमनला एक पत्र लिहिलें. त्याचा आशय असा: तुमच्या मोटारी इतक्या जलद आहेत कीं, कमकुवत भागांच्या बळकटीसाठीं चार पौंड वजन वाढलें तरी आपण मागें पडणार नाहीं, ज्या मोटारीवर माझा विश्वास आहे, तीच मला चालवितां येईल. वाचकहो, हें पत्र पंधरा वर्षांपूर्वीं कोणी लिहिण्याची गरजच पडली नसती. तेव्हां हे चार पौंड मागणारा आणि ते देणारा एकच माणूस होता. आतां मागणारा चाकामागें बसला होता आणि देणारा कडेला, हातांत घड्याळ घेऊन, उभा होता.

रिंट राहिला, जिंकतही गेला. ५ सप्टेंबर १९७० रोजीं इटलींत मोंझा येथें सराव चालू असतां त्याच्या लोटसच्या पुढच्या चाकाच्या ब्रेकचा दांडा तुटला; मोटार कडेच्या लोखंडी कुंपणावर गेली. कुंपणही नीट बसविलेलें नव्हतें. रिंट मरण पावला. त्या वर्षीं तोंवर त्यानें मिळविलेले गुण इतरांस ओलांडतां आले नाहींत, आणि जगज्जेतेपद एका मृताच्या नांवें जाहीर झालें. असें त्यापूर्वीं झालें नव्हतें, नंतरही झालेलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, घडविणारा स्वतः बसला म्हणजे मोटार मोडत नाहीं कीं काय? मोडते. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लॅरननें १९६८ सालीं स्पा येथें स्वतःच्या नांवाच्या मोटारींत बसून शर्यत जिंकली, आणि २ जून १९७० रोजीं गुडवुड येथें स्वतःचीच नवी मोटार पारखतांना तो गेला; मोटारीच्या मागच्या भागाचें आवरण धांवतांना निसटलें होतें. उलट ऑस्ट्रेलियाच्या जॅक ब्रॅबहॅमनें १९६६ सालीं स्वतःच्या नांवाच्या मोटारींत बसून जगज्जेतेपद मिळविलें, आणि पुढें दीर्घ आयुष्य भोगलें. तेव्हां स्वतः बसल्यानें दैव टळतें असा आमचा दावा नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जो स्वतः बसतो त्याच्या हिशोबांत धोक्याचा आंकडा आपोआप मांडला जातो. जो बसत नाहीं त्याला तो आठवणीनें मांडावा लागतो. आणि आठवण, विशेषतः यशाच्या दिवसांत, मोठी लबाड असते.

१६ डिसेंबर १९८२ रोजीं चॅपमन हृदयविकारानें वारला. वय अवघें चोपन्न. लोटसच्या चिन्हांत त्याच्या नांवाचीं चार आद्याक्षरें एकांत एक गुंफलेलीं आहेत. तीं आजही त्या मोटारींवर दिसतात.

ही सारी हकीकत आम्हीं घराघरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कां सांगितली, असें कोणास वाटेल. त्याचें कारण आमच्या मतें उघड आहे. मोटारी थोडेच घडवितात. परंतु दुसऱ्यानें बसावयाच्या गाड्या आपण सारेच घडवितों. मोठ्या कुटुंबांत वडीलधारीं माणसें मुलानें काय शिकावें, मुलीनें कोठें नांदावें, धाकट्यानें कोणती नोकरी धरावी, याचे आराखडे काढतात. ते प्रेमानेंच काढतात. परंतु त्या गाडींत बसून वळणावर जाणारा दुसराच असतो. तो जेव्हां अडखळत म्हणतो कीं, हा सांधा थोडा बळकट करा, मला येथें भीति वाटते, तेव्हां त्याला आपण भित्रा ठरवितों किंवा कृतघ्न. रिंटचें तें पत्र प्रत्येक घरांत कधीं ना कधीं लिहिलें जातें. पुष्कळदां तें कागदावर उतरतही नाहीं, जेवतांना खालीं घातलेल्या मानेंतच तें वाचावें लागतें. वडीलकीचें काम तें वाचण्याचें आहे. ज्या रस्त्यावर आपण जाणार नाहीं, त्या रस्त्याविषयीं जाणाऱ्याचा शब्द आपल्या अनुभवाहूनही मोलाचा मानावा, एवढा विनय अंगीं असला म्हणजे पुरे.

आणि जो मुलगा म्हणतो कीं, मीच घडवीन व मीच पहिला बसेन, त्याला मागच्या अंगणांतली चार हात जागा देण्यास हरकत कसली? त्याचे हात काळे होतील. ते साबणानें निघतात. हेझलच्या आईवडिलांनीं आपल्या घरामागची ती खोली अडविली असती, तर कदाचित् न खपलेली ऑस्टिन भंगारांत गेली असती.

परवां त्या स्नेह्यांची पुन्हां गांठ पडली. मोटारसायकल जोडून झाली, सुरूही झाली. पहिल्या फेरीला नातू एकटाच गेला. आजींनीं तो परत येईपर्यंत दार लावूं दिलें नाहीं. दुसऱ्या फेरीला मागें बसावयास कोण तयार झालें असेल? सकाळपासून कुरकुर करणारे आजोबा! बसण्यापूर्वीं त्यांनीं मागचा ब्रेक मात्र दोनदां दाबून पाहिला, आणि नातवानें तो त्यांना पाहूं दिला.